नवतपा आणि नातवंडं : वाचकांच्या पत्रांना बाईंची उत्तरं

एप्रिलच्या अंकात लिहिलं होतं, उन्हाळ्याच्या सुट्टीत लहान पोरं घेऊन कुठे निघणार असाल आणि काही अडलं असेल तर पत्र टाका. वाटलं होतं, चार-पाच येतील. पिशवीभर आली. निम्मी उन्हाबद्दल, बरीच मोबाइलबद्दल, आणि एक चक्क शकुंतलेबद्दल. सगळ्यांना इथे जागा नाही, म्हणून निवडक घेते.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. दर्यापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांत ३१ वर्षं शिकवलं, आता घरी असते, आणि दर मे महिन्यात चार नातवंडं माझ्या अंगणात उतरतात. थोरला अकराचा, शेंडेफळ चारचं. इथे जे सांगते ते त्यांच्यावरच शिकलेलं आहे, बहुतेक चुका करून.

प्रश्न : माझं माहेर कोल्हापूरचं, राहतो पुण्यात, सासर अमरावती जिल्ह्यातल्या एका गावात. मुलगी सात वर्षांची, मुलगा चारचा. सासू-सासरे म्हणतात, यंदा अख्खा मे इथेच काढा. बातम्यांत ४५-४६ अंश ऐकलं की मला धडकी भरते. नवरा म्हणतो, ‘आम्ही नाही का वाढलो?’ मुलं आजारी न पडता हे कसं जमवू? आणि तिथे ती दिवसभर करतील तरी काय?
– एक सूनबाई, पुणे

उत्तर : पोरी, तुला ‘तू’ म्हणते, राग मानू नको. माझी सूनही तुझ्याच वयाची आणि पुण्याचीच. पहिल्या वर्षी ती आली तेव्हा तिच्या बॅगेत उन्हाच्या मलमाच्या तीन ट्यूबा होत्या आणि माझ्या डोक्यात फाजील आत्मविश्वास. थोरला नातू तेव्हा तीन वर्षांचा. एसटीतून उतरले ते दुपारी एक वाजता. मी हौसेनं पुरी, आमरस, भजी असं ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ‘जराक बैल पाहू दे त्याले’ म्हणत आमच्या ह्यांनी त्याला बंडीत बसवून वावरात नेलं. संध्याकाळी पोराचं अंग तव्यासारखं. रात्री उलट्या. पहाटे आरोग्य केंद्रात सलाईन. सलाईन लावणारी नर्स माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. म्हणाली, ‘मॅडम, ऊन कसं टाळायचं हे तुमीच तर आमाले चौथीत शिकवलं होतं.’ मी मान खाली घातली.

तेव्हापासून आमच्या घरात एक कायदा आहे. मे महिन्यात आमच्याकडे दिवस दोन असतात. पहिला पहाटे पाच ते साडेनऊ, दुसरा संध्याकाळी साडेपाच ते रात्री दहा. मधलं ते हिशोबात धरायचंच नाही. तुझा नवरा ‘आम्ही नाही का वाढलो’ म्हणाला, की त्याला विचार, दुपारी बारा ते चार त्याच्या आईनं त्याला ओसरीत कोंडून ठेवलं होतं की नाही. ठेवलंच असणार. पुरुषांना लहानपणीचा उन्हाळा आठवतो, त्यातली कडी लावलेली दारं आठवत नाहीत.

प्रवासापासूनच सुरुवात कर. रात्रीची अशी गाडी पकड, की अकोला किंवा बडनेऱ्याला सकाळी लवकर उतरशील आणि ऊन चढायच्या आत घरी पोचशील. पहिले तीन दिवस काहीही ठरवू नको. ना देवदर्शन, ना मावशीकडे, ना बाजार. अंगाला नव्या उन्हाची सवय लागायला आठवडा-दीड आठवडा जातो. मोठ्यांचंही तेच, पोरांचं तर विचारूच नको.

पाण्याचं जरा समजून घे. आमचा हा खारपाणपट्टा, पूर्णा नदीच्या खोऱ्यातला. विहिरी-बोअरचं पाणी मचूळ, खारं. प्यायला शहानूर धरणाचं नळाचं पाणी, तेही रोज येईलच असं नाही. पुण्याच्या पोरांना इथली चव रुचत नाही, मग ती पाणीच पीत नाहीत, आणि आईला वाटतं खेळण्याच्या नादात विसरली. मी काय करते, ओसरीच्या भिंतीवर प्रत्येकाच्या नावाचा रकाना आखते. एक पेला पाणी, एक कोळशाची रेघ. माठात वाळा टाकला की चवीची तक्रार कमी होते. कधी कैरीचं पन्हं, कधी ताक, कधी ज्वारीची आंबील. सगळ्याला रेघ मिळते. मागच्या वर्षी मधलीनं शेंडेफळाच्या रकान्यात चोरून चार रेघा ओढल्या, कारण त्याची तिला दया आली. म्हणून आता लघवीचा रंगही बघते. गडद पिवळी झाली, की भिंतीवर कितीही रेघा असोत, पाणी पोटात गेलेलं नाही.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि घरात ओआरएसची पुडी नसेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मोजूनच. ‘अंदाजाने’ हा शब्द इथे चालत नाही, मीठ जास्त झालं तर उलटं नुकसान होतं. घोटघोट देत राहायचं. आणि पोराचं अंग भाजल्यासारखं गरम, बरळतंय, उठवलं तरी झोपेत जातंय, असं दिसलं, तर ते घरचं काम नाही. सावलीत आण, कपडे सैल कर, ओल्या फडक्यानं सगळं अंग पूस, वारा घाल आणि १०८ ला फोन लाव. शुद्ध हरपलेल्या पोराच्या तोंडात पाणी ओतू नको. तुझी सासू त्याच्या खिशात कांदा ठेवेल. ठेवू दे. कांद्यानं काही बिघडत नाही, फक्त कांदा आहे म्हणून टोपी-दुपट्टा विसरू नका.

आता ज्या गोष्टींची बातम्यांत चर्चा होत नाही, त्यांची मला उन्हापेक्षा जास्त भीती वाटते.

एक म्हणजे लोखंडी कूलर. टाकीत पाणी भरायचं तर आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मगच बादली. आणि पोरानं ओल्या हातानं कूलरला शिवायचं नाही, ही गोष्ट गंमत म्हणून नाही, दटावून सांगायची. दुसरं म्हणजे शेततळं. आत प्लास्टिक अंथरलेलं असतं, त्यावर पाय ठरत नाही. पोहता येणारा मोठा माणूसही एकदा आत घसरला तर हाताला धरायला काही सापडत नाही. निळंशार पाणी बघून शहरातल्या पोरांना तो पोहायचा तलाव वाटतो. सासऱ्यांना विचारून घे, वावरात किंवा शेजारच्या वावरात शेततळं आहे का, बिनकठड्याची विहीर आहे का. आणि मोठं माणूस सोबत असल्याशिवाय धुऱ्यापलीकडे, म्हणजे वावराच्या बांधापलीकडे, जायचं नाही.

तिसरं विंचू. उन्हाळ्यात गोटे उलथायचे नाहीत, जोडा झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. चावलाच तर पाला-मंत्र करत बसू नका, थेट दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध चालतं हे दाखवून दिलं, त्यानं कितीतरी पोरं वाचली. पण औषध वेळेत पोटात जायला हवं ना.

हे एवढं सांभाळलं की मग मजा.

दिवसभर करतील काय, असं विचारतेस. आमच्याकडे मे महिन्यात कुरोड्या होतात. तीन दिवस भिजवलेला गहू दळला, की त्याचा चीक पहाटेच शिजवायला घेतात. गरम चीक वाटीत, वर तेल-मीठ, ते खायला पोरं पाचला न उठवता उठतात. मग गच्चीवर साड्या पसरून कुरोड्या घालायच्या, आणि कावळे हाकायला शेंडेफळाच्या हातात काठी द्यायची. त्याला वाटतं, गच्ची त्याच्याच जोरावर चालली आहे. नऊ वाजले की मात्र राखणदाराला खाली घ्यायचं, कावळ्यांनी काय न्यायचं ते नेऊ दे. दुपारी बंद दारामागे सरगुंडे वळायला बसव. काडीवर कणकेचा धागा गुंडाळायचा. माझ्या नातीचे सरगुंडे दोरखंडाएवढे जाड होतात. आमरसात बुडवून आम्ही सगळे मुकाट खातो.

आणि एक दिवस दुपारचा कायदा मी स्वतः मोडते. आपल्या अक्षांशावर मे महिन्याच्या २५ तारखेच्या आसपास सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. तेव्हाच रोहिणी लागते आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो. त्या दिवशी सव्वाबाराच्या सुमाराला अंगणात मुसळ उभं धरायचं. त्याची सावली नाहीशी होते. पोरं डोक्याला ओला दुपट्टा बांधून पाच मिनिटं बाहेर येतात, आपली सावली कुठे गेली ते पायाखाली शोधतात आणि चटके बसले की ओरडत आत पळतात. थोरला म्हणाला, ‘आजी, पुण्याची सावली पण आज गेली का?’ मी म्हटलं, पुण्याची आधीच जाऊन आली. पुणं आपल्या दक्षिणेला आहे. हा एक प्रश्न त्याला पडला, म्हणून माझ्या ३१ वर्षांच्या नोकरीचं सार्थक झालं असं मी मनात म्हटलं. तो लगेच कैरी मागायला लागला, ते सोड.

रात्री अंगणात सडा टाकून बाजा काढतो. खाली सतरंजीवर झोपवू नको. मण्यारीसारखा साप रात्री फिरतो आणि बहुतेक वेळा जमिनीवर झोपलेल्यांनाच चावतो. बाज आणि चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी. मग पडल्यापडल्या उत्तरेकडे सप्तर्षी दाखवायचे. गावाकडे त्याला म्हातारीचं बाजलं म्हणतात. चार तारे म्हणजे बाजल्याचे पाय, मागचे तीन म्हणजे ते पळवायला आलेले चोर. शेंडेफळ दर रात्री विचारतं, ‘आज चोरलं का?’ अजून चोरलेलं नाही.

अख्खा मे राहू नको, असं माझं मत. वीस दिवस पुष्कळ. आमच्याकडच्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, तुमच्या जूनच्या मध्यालाच. परत जाऊन पोरांना चार दिवस आपल्या घरात लोळायलाही हवेत. आणि तुलाही.

प्रश्न : मी अकोला जिल्ह्यातला शेतकरी, जोडीला लहानसं कृषी केंद्र आहे. मृग लागला की मला हलता येत नाही, त्यामुळे मे महिन्यातलेच चार दिवस हातात आहेत. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी तीन. ताडोबा, लोणार की चिखलदरा? खर्च बेताचा.
– एक वाचक

उत्तर : भाऊ, ताडोबा यंदा विसरा. तुमच्या मनात काय आहे ते मला कळतं. उन्हाळ्यात जनावरं पाणवठ्यावर येतात, वाघ दिसायची शक्यता तेव्हाच जास्त. पण चंद्रपूरचं मे महिन्यातलं ऊन, उघडी जिप्सी, तीन-चार तास गप्प बसायचं, आणि मांडीवर तीन वर्षांची मुलगी. वाघ दिसायच्या आधी तिला शू लागेल, आणि जंगलात उतरता येत नाही. धाकटी आठ वर्षांची झाली की जा.

लोणारचं मात्र माझं जरा लांबचं सांगणं आहे, कारण तिथे आम्ही सगळ्या चुका ओळीनं केल्या. दोन वर्षांपूर्वी गाडी भाड्यानं केली. ‘लवकर निघू’ म्हणता म्हणता घरातून निघायला नऊ वाजले, कारण कुणीतरी डबा विसरलं (मीच). तळ्याच्या काठावर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. वरून बघताना सगळे गप्प झाले, एवढं ते देखणं. जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं गोल विवर, आकाशातून उल्का येऊन आपल्या काळ्या पाषाणावर आदळली त्याची खूण. थोरला म्हणाला, ‘खाली जायचं.’ आमचे हे म्हणाले, ‘चाला.’

उतरताना काही वाटत नाही. ती वाटी आहे, आणि दुपारी त्या वाटीत हवा हलत नाही. तळ्याजवळ पोचायच्या आतच आमच्या ह्यांच्या चपलेचा तळवा उन्हानं निघून हातात आला. बाकी सगळं पाहायचं राहिलं. पोरांना परत वर न्यायचं आणि ह्यांना, म्हणजे पोरांच्या आबाजींना, एका पायात चप्पल. सुनेनं आपली ओढणी फाडून त्यांच्या पायाला बांधली. वर येईपर्यंत दोन्ही बाटल्या संपल्या, शेंडेफळ माझ्या कडेवर, आणि मधली दर दहा पायऱ्यांवर विचारतेय, ‘आबाजी, उल्का अजून गरम आहे का?’

वर आल्यावर धारेवर गेलो. गोमुखातून बारा महिने पाणी वाहतं, गोडं. तिथे पोरं तास-दीड तास खेळली आणि आमचा जीव जाग्यावर आला. गंमत बघा, खाली तळ्याचं पाणी खारट, अल्कधर्मी, आणि काठावर ही गोडी धार. हा फरक पोरांना बोट बुडवून कळतो. २०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं होतं, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्म जिवांनी तो रंग आणला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं. त्याच वर्षी तळ्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. दैत्यसूदनाचं देऊळ गावातच आहे, कोरीव, आत गार. लवणासुर दैत्याची गोष्ट तिथे बसूनच सांगा.

तर भाऊ, लोणारला जायचं तर आदल्या संध्याकाळी पोचा, मुक्काम करा, आणि उजाडताच उतरा. साडेआठला वर. पायात शिवलेले जोडे, चिकटवलेली चप्पल नको. धाकटीला खाली नेऊच नका. एकानं तिच्याबरोबर धारेवर थांबायचं. आमच्या नातवाला शाळेत ‘माझी सहल’ निबंध आला तेव्हा त्यानं विवराबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि चपलेबद्दल दीड पान.

उरलेले दोन दिवस चिखलदरा. साधारण १,१०० मीटर उंची, त्यामुळे दुपार चटकते पण रात्री पांघरूण लागतं, आणि मे महिन्यात पांघरूण घेऊन झोपणं यापेक्षा मोठं सुख मला ठाऊक नाही. दोन गोष्टी मनाशी धरून जा. परतवाड्याच्या पुढे घाट वळणावळणाचा आहे. पोरांना निघताना दूध देऊ नका, मुरमुरे किंवा कोरडी पोळी द्या, आलेपाक खिशात ठेवा, आणि पिशवी डिकीत नाही तर हातात. दुसरं म्हणजे धबधबे. फोटोतला भीमकुंड पावसाळ्यातला असतो. मे महिन्यात तिथे कोरडा कडा. मधलीनं विचारलं होतं, ‘आजी, धबधबा कुठे गेला?’ मी म्हटलं, ‘मामाच्या गावाला.’ तिला पटलं. किचकाची गोष्ट, कॉफीची झाडं, गाविलगडाचा दरवाजा, एवढं दोन दिवसांना पुरतं. किल्ल्यात सकाळीच जा. १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीच्या इंग्रजी फौजेनं तो मराठ्यांकडून घेतला. सहा वर्षांच्या मुलाला तोफा आवडतात, तारीख नाही सांगितली तरी चालेल. शनिवार-रविवार टाळा, घाटात गाड्यांची रांग लागते आणि रांगेतच उलट्या होतात.

खर्चाचं म्हणाल, तर एका वेळचं जेवण वाटेतल्या ओळखीच्या वावरात ठरवा. गोवऱ्यांवरचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. तुम्ही शेतकरी आहात, ओळखी तुम्हाला मी काय सांगू. आणि वर्ध्याकडे कधी कामाला गेलात तर पोरांना सेवाग्राम दाखवा. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले. बापूकुटीच्या मातीच्या भिंतींमागचा गारवा पोरं हात लावून बघतात, आणि साप पकडून दूर सोडायचा चिमटा आणि पिंजरा बघितला की जागची हलत नाहीत.

प्रश्न : नातू सुट्टीला आला, की मोबाइलशिवाय जेवत नाही. सून काही बोलू देत नाही. मी काय करू?
– एक आजी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : बाई, सुनेशी भांडू नका, हरणार तुम्हीच. संध्याकाळी अंगणात बाज टाका आणि तिथेच ताट न्या. आमच्या अंगणात नेटवर्क येत नाही. तुमच्या येत असेल, तर गोठ्यात जेवा.

प्रश्न : मुलगी आजोळहून परत आली की ‘मले पाह्यजे’, ‘काहून?’, ‘कुठी चाल्ली?’ असं बोलते. पुण्यातल्या शाळेत मुलं हसतात, आणि बाईंनीही शुद्ध बोल म्हणून दटावलं. सुट्टीत गावातल्या मुलांत तिला मिसळू द्यावं की नाही, असं वाटायला लागलंय.
– एक वडील

उत्तर : भाऊ, हा प्रश्न तुम्ही मला विचारलात, म्हणजे तुमचंही बालपण इकडचं असणार, आणि तुम्हीही कधीतरी ‘मले’ गिळून ‘मला’ म्हणायला शिकला असाल. मीही शिकवला तो ‘मला’ वर्गात. पण मधल्या सुट्टीत पोरांबरोबर मी ‘मले’च बोलत होते, आणि त्यामुळे एकाही पोराचं व्याकरण बिघडलं नाही. लहान मूल दोन बोल्या दोन खिशांत ठेवतं. कुठल्या दारात कुठली काढायची, हे त्याला तुमच्या-माझ्याआधी कळतं. जूनमध्ये पंधरा दिवस घोटाळा होईल, मग आपोआप थांबेल.

हसणाऱ्या पोरांचं मला काही वाटत नाही, पोरं हसतातच. दटावणाऱ्या बाईंचं वाटतं. त्यांना एक चिठ्ठी लिहा, नम्रपणे, की ही वऱ्हाडी आहे. आणि लेकीला सांगा, वर्गात कुणी हसलं तर त्याला एक वऱ्हाडी कोडं घाल. आमच्या मधलीनं हेच केलं. आता तिच्या वर्गातली निम्मी पोरं ‘काहून बे’ म्हणतात, आणि त्याबद्दल माझ्या सुनेला शाळेतून बोलावणं आलं. ते पुढचं मी तुम्हाला सांगितलं नाही असं समजा.

प्रश्न : आजी, मी नऊ वर्षांचा आहे. आमच्या आबाजी म्हणतात, आमच्या अंजनगावातून शकुंतला नावाची रेल्वे जायची आणि ती इतकी हळू चालायची, की चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून परत चढता यायचं. आई म्हणते, आबाजी फेकतात. खरं काय?
– एक मुलगा, अंजनगाव सुर्जी

उत्तर : बाबू, ‘आमच्या आबाजी’ नाही, ‘आमचे आबाजी’. आता उत्तर. गाडी खरी होती. मूर्तिजापूरहून निघायची, आमच्या दर्यापूरजवळ बनोसा स्टेशनात थांबायची, मग तुमचं अंजनगाव, आणि शेवटी अचलपूर. दुसरा फाटा मूर्तिजापूरहून यवतमाळकडे. इंग्रजांच्या काळात एका खाजगी कंपनीनं आपल्या वऱ्हाडातला कापूस वाहून न्यायला ती घातली. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, आणि ते १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं. विचार कर, माझ्या सासऱ्यांच्या लहानपणापासून माझ्या पोरांच्या लहानपणापर्यंत तेच इंजिन. मग डिझेलचं आलं, आणि आता काही वर्षांपासून गाडी बंद आहे.

मी तुझ्याएवढी असताना सुट्टीत मामाकडे जायला आई आम्हाला बनोश्याला घेऊन यायची. सोबत पितळी डबा, पाण्याची सुरई, आणि माझ्या मांडीवर कोंबडीची पाटी, कारण मामीनं कोंबडी मागवली होती. खिडकीतून कोळशाचे कण यायचे. एकदा एक कण माझ्या डोळ्यात गेला, मी रडले, पाटी सुटली आणि कोंबडी डब्यात उडाली. शेजारच्या बाकावरच्या फेटेवाल्या आजोबांनी ती फेट्यात धरली. फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे गेली की ते उघडायचा आणि पळत येऊन चढायचा. तो चढू शकत होता, तर तुझे आबाजी का नाही चढणार? फक्त त्यांना विचार, बोरं तोडली ती सुट्टी कुठली होती. बोरं थंडीत येतात, दिवाळीनंतर. ते उन्हाळ्याची सुट्टी म्हणाले, तर आईचं थोडंसं बरोबर आहे.

तुला एक काम देते. तिच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. जिथे रूळ अजून दिसतात तिथे आबाजींना घेऊन जा आणि शाळेची फूटपट्टी लावून मोजून बघ. पट्टी दोन वेळा पूर्ण बसेल आणि मग अर्धी. सकाळी सहाला जा, नऊच्या आत परत ये, डोक्याला रुमाल बांध आणि रुळाजवळचा एकही गोटा उलथू नको. किती भरलं ते मला लिहून पाठव. आणि आबाजींनी वाटेत आणखी काही सांगितलं, तर तेही लिही. आईला दाखवायच्या आधी.